वैशाखातली गळती

धुळ्याचे एक वकील स्नेही गेली कित्येक वर्षे एक जुनी जीपगाडी मोठ्या ममतेने बाळगून आहेत. पक्षकारांच्या जमिनी साक्री-शिरपूरकडच्या गावांतून पसरलेल्या, वाटा काळ्या मातीच्या, आणि गाडीचा कापडी हूड ना धूळ अडवी ना झळा. तेव्हा एके वर्षी त्यांनी तो उतरवून ठेवला आणि बोल्टांनी आवळून बसविण्याचा, मनात आल्यास चार माणसांनी उचलून बाजूला ठेवण्याजोगा फायबरचा कठीण टप बसवून घेतला. त्याच खर्चात एसीही आला. दोन उन्हाळे सुखाचे गेले. तिसऱ्या वर्षीच्या आषाढात मालेगावहून परतताना लळिंगच्या घाटात पावसाने गाठले, आणि घरी येऊन पाहतात तो मागच्या आसनावरील दप्तरातली हाताने लिहिलेली टिपणे अशी भिजलेली, की वादी कोणता आणि प्रतिवादी कोणता याचा उलगडा खुद्द लिहिणारालाही होईना.

स्नेह्यांनी पावसाला दोष दिला. मला तो अन्याय वाटला. गळती दिसली आषाढात हे खरे. पण ती लागली होती वैशाखात.

हे समजण्यासाठी या वाहनाची कुळकथा थोडी पाहावी लागते. जीप ही दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी निर्माण झाली, आणि तिची कल्पनाच मुळी उघड्या गाडीची होती. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येई, पाऊस आलाच तर कापड ओढावे आणि आत साचलेले पाणी तळच्या भोकांवाटे सोडून द्यावे, इतका साधा हिशेब. आपल्याकडे महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत या गाड्यांची जुळणी आरंभिली, आणि पुढे कलेक्टरसाहेबांच्या दौऱ्यापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत आणि चोपडा-यावलच्या बाजारांतून सातपुड्यातील पाड्यांकडे टपावरसुद्धा माणसे वाहणाऱ्या वडापापर्यंत या वाहनाने खानदेशाची जी सेवा केली ती बव्हंशी कापडी छपराखालीच केली. कारखान्यातूनच येणारा, साच्यात घडविलेला प्लास्टिकचा कठीण टप जीपला अमेरिकेतही १९७६ च्या सी. जे. ७ या गाडीबरोबर आला. आता २०२० साली आलेल्या नव्या थारमुळे कठीण टपाच्या गाड्या जळगावच्या रस्त्यांवर रोजच्या झाल्या आहेत. परंतु तत्त्व जुनेच आहे. सामान्य मोटारीचे छप्पर सांगाड्याशी वितळजोडाने एकजीव झालेले असते, तर काढता येणारा टप हा गाडीवर ठेवलेला पाहुणा असतो, आणि पाहुणा व यजमान यांच्यामध्ये जी काही आपुलकी असावयाची ती केवळ रबराची.

हे रबर तीन-चार ठिकाणी असते. पुढच्या काचेच्या चौकटीवर टपाची कड टेकते तेथे एक पट्टी. दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर टप बसतो तेथे स्पंजासारखी मऊ गादी. दरवाज्यांच्या कडांना पोकळ रबर, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट बिडिंग म्हणतात. आणि मागच्या काचेभोवती आणखी एक. काचेची चौकट, दरवाजा आणि टप ही तिन्ही जेथे एकत्र येतात तो वरचा कोपरा सर्वांत नाजूक, कारण तेथे तीन रबरांची तोंडे एकमेकांना भिडतात आणि त्यांपैकी एक जरी दोन दोरे आखडले तरी पाण्याला वाट मिळते. चालकाच्या गुडघ्यावर थेंब पडू लागला, की आधी त्या कोपऱ्याकडे पाहावे.

आता वैशाखाकडे वळू. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो ही वार्ता महाराष्ट्राला नवी नाही. परंतु उन्हात उभ्या गाडीच्या टपावर हात ठेवून पाहिलेल्यालाच कळते, की हवेचा पारा आणि वस्तूचा पारा यांत केवढे अंतर असते. मीटरभर लांबीचे पोलाद ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढते, आणि काचतंतूंचा फायबर सामान्यतः त्याहून अधिक. म्हणजे टप आणि त्याखालचा पत्रा हे दोघे दिवसा वेगवेगळ्या मापाने पसरतात, रात्री वेगवेगळ्या मापाने आखडतात, आणि या रोजच्या ओढाताणीत मधले रबर घासले जाते, बोल्ट सैल पडतात. बोल्टांखाली दाबलेली स्पंजाची गादी उष्णतेने कायमची चपटी होते. चांगल्या गाड्यांच्या बिडिंगला ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर वापरतात, जे ऊन आणि ओझोन पुष्कळ सोसते. पण स्वस्तातल्या रबराला तीन उन्हाळ्यांत चिरा पडतात. त्यात काळ्या मातीची धूळ चिरांत बसते, आणि पहिला पाऊस येतो तेव्हा आपण त्याला चोर ठरवून मोकळे होतो. ज्या उन्हासाठी टप घेतला त्या उन्हानेच तो पोखरलेला असतो.

गळती शोधण्याचे काम फौजदारी तपासासारखे आहे. पाणी जेथे सापडते तेथे ते शिरलेले नसते. टपाच्या आतल्या बाजूने, अस्तराच्या मागून, चौकटीच्या नळीतून ते हातभर प्रवास करून मगच थेंबाच्या रूपाने हजर होते. गाडी वेगात असता वारा पावसाला काचेवरून वर रेटतो आणि चौकटीवरच्या सांध्यात घुसवितो, म्हणून अंगणात उभी असताना कोरडी राहणारी गाडी महामार्गावर गळते हेही आहे. एका जाणत्या मिस्त्रींची पद्धत मला पसंत पडली. आतले अस्तर आणि चटया प्रथम काढावयाच्या, सर्व कोरडे पुसावयाचे, एकाने बॅटरी घेऊन आत बसावयाचे, आणि दुसऱ्याने नळीचे पाणी जोर न लावता, आधी खालच्या सांध्यांवर आणि मग हळूहळू वरच्यांवर, प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटे सोडावयाचे. वरून आरंभ केला तर पाणी खाली ओघळून सर्वच सांध्यांवर आळ येतो. आतल्याने मधूनमधून मोठ्याने जबानी द्यावयाची, आणि बाहेरचा पुन:पुन्हा विचारणार: "पानी कथाईन ई ऱ्हायनं?" म्हणजे पाणी कुठून येते आहे?

पाणी न लावताही पुष्कळ कळते. दहा रुपयांची नोट दरवाज्याच्या कडेत धरून दरवाजा लावावा आणि नोट ओढावी. ती अडखळत आली तर रबर दाबले जात आहे, अलगद निसटली तर तेथे दाब नाही. रबराला टाल्कम पावडर चोळून दरवाजा मिटल्यास समोरच्या पत्र्यावर तिची रेघ उमटते, आणि रेघ जेथे तुटते तेथे सांधा तुटलेला असतो. सर्व काचा मिटून, पंखा बाहेरची हवा घेत पूर्ण वेगाने लावावा आणि सांध्यांवर बाहेरून साबणाचा फेस फिरवावा, म्हणजे फटीशी बुडबुडे येतात. सायकलचे पंक्चर काढणाऱ्याच्या घमेल्याचेच हे शास्त्र.

दुरुस्तीत पहिला मोह सिलिकॉनची नळी पिळण्याचा, आणि तोच बहुधा घात करतो. व्हिनेगरसारखा उग्र वास येणाऱ्या सिलिकॉनमधून आम्ल सुटते व ते उघड्या पत्र्याला गंज चढविते. शिवाय एकदा ते लागले की त्या जागी रंग धरत नाही, आणि पुढे टप काढावयाचा म्हटले तर कापूनच काढावा लागतो. मग काढता येणारा टप घेतला कशाला? खरा इलाज आधी सांधा सुधारण्याचा. बोल्ट सैल करावेत, टप चौकटीशी सरळ बसवावा, सर्व बोल्ट प्रथम बोटांनीच फिरवून घ्यावेत आणि मग आलटूनपालटून, एकदा डावा, एकदा उजवा, थोडे थोडे आवळावेत. ताकद दाखविण्याचे हे स्थान नव्हे. फायबरला बोल्टाच्या भोकापासून तडा जातो. चपटी झालेली गादी बदलावी, बिडिंग ओल्या फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉनचे ग्रीस हलके चोळावे, आणि खनिज तेलाचे साधे ग्रीस मात्र लावू नये, कारण त्याने ईपीडीएम फुगते. टपावर सामानाचा कठडा अथवा रेडिओची अँटेना बसविण्यासाठी पाडलेली भोके ही नवीच पापे. त्यांच्या स्क्रूंखाली रबरी वॉशर हवेत.

जाता जाता एक सरकारी गोष्टही सांगून टाकतो. मूळ गाडीला नसलेला टप बाहेरून करून बसविणे हा मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ प्रमाणे फेरफाराचा विषय होऊ शकतो, तेव्हा एम. एच. १८ असो की १९, परिवहन कचेरीत आधी चौकशी करावी.

बंदोबस्ताइतकेच वाट देणेही महत्त्वाचे, आणि हे खानदेशाला कोणी शिकवावयास नको. पांझरेच्या काठी शतकानुशतके फड पद्धत चालत आली, जीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने नेऊन पाटकऱ्यांच्या हाताने शेतोशेती पोचविले जाई. आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांना आरंभीच जी कामे मिळाली, त्यांत याच नदीच्या एका प्रवाहापलीकडे नळांच्या सायफनने पाणी नेण्याचे काम होते. टपाच्या कडेची पन्हळ, दरवाज्याच्या तळची छिद्रे, फरशीच्या पत्र्यातील बुचे, हेही पाटच. ते चिखलाने बुजले की वरचा सांधा कितीही घट्ट असो, पाणी तुंबून मागे फिरते आणि आत येते. धाब्याच्या घरावर पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकून पन्हळी मोकळ्या करणाऱ्या पिढीने आपल्या गाडीची छिद्रे कधी तारेने साफ केली नसावीत, याचे मला नवल वाटते.

वकीलसाहेबांच्या टपाचे हे सर्व सोपस्कार श्रावणात पार पडले, आणि गणपतीच्या दिवसांतला मुसळधार पाऊस त्यांनी दप्तर मांडीवर घेऊन, पण कोरड्या मांडीवर घेऊन, पाहिला. मग ऑक्टोबरच्या उन्हात, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना, डाव्या बाजूची चटई पुन्हा चिंब झाली. संतापाने ते गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी टपाकडे पाहिलेही नाही, गाडीखाली वाकून एसीच्या पाण्याची बारीक नळी शोधली, तीत तार घातली, आणि चिखलाचा एक गोळा व त्यामागून वाटीभर थंड पाणी बाहेर पडल्यावर हात पुशीत म्हणाले, "वकीलसाहेब, हाई पानी पाऊसनं नही शे."