कूतचा वेढा, इयत्ता सातवी

सकाळी 6. चहा संपवून नकाशाचा सराव करतो. आज सातवीला पहिलं महायुद्ध सांगायचं आहे. ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या खुनापासून सुरुवात केली, तर तिसऱ्या परक्या नावापाशी वर्ग हातातून जातो. म्हणून मी सुरुवात करतो तैग्रिस नदीच्या एका वळणापासून. त्या वळणात कूत हे गाव आहे, आजच्या इराकमध्ये. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला तुर्की फौज. एवढं फळ्यावर सहज काढता येतं.

सकाळी 8. टिपणातल्या तारखांना कात्री लावतो. दोनच ठेवल्या: 7 डिसेंबर 1915, वेढा पडला, 29 एप्रिल 1916, शरणागती. आत अडकली होती इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी.

10:30. तास सुरू. पुण्याचं नाव निघताच मागचे बाक सावरून बसतात. “ते तिकडे कशाला गेले, सर?” हा प्रश्न हमखास येतो, आणि तो यायलाच हवा. इंग्रजांना इराणच्या आखातातलं तेल राखायचं होतं. शिपायाला महिना 11 रुपये पगार होता आणि गावाकडे कोरडवाहू जमीन. दोन्ही कारणं सांगतो. नुसतं शौर्य सांगितलं तर ते अर्धसत्य होईल.

मग लढाई बाजूला ठेवून पोटाकडे येतो. कूतमध्ये जव सापडले, पण दळायचे कशावर? तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. इथे मुलांचे डोळे मोठे होतात. पुढे धान्य आटलं आणि घोडे कापायची वेळ आली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी कितीतरी जण महिनोन्‌महिने अडून राहिले. भाजीपाला नाही, मांस नाही. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, माणसं उभ्या उभ्या खचू लागली. एक मुलगी विचारते, “तुम्ही असता तर खाल्लं असतं?” उत्तर मी देत नाही, वर्गाला वाद घालू देतो. तासातली सगळ्यात मोलाची दहा मिनिटं हीच.

“मग जिंकले का?” नाही. वेढा फोडायला आलेल्या फौजेचे सुमारे 23 हजार लोक मेले किंवा जखमी झाले, तरी कूत पडलं. सुमारे 13 हजार जण कैद झाले आणि वाळवंटातून चालवत नेले गेले. हजारो जण उपासमारीने आणि रोगांनी मेले.

दुपारी 1. डबा खाताना एक बाई म्हणतात, “एवढं भयंकर कशाला सांगता हो लेकरांना?” त्यांची काळजी खरी आहे. पण हीच लेकरं मोबाईलवर रोज माणसं मारतात आणि तिथे कुणाला भूक लागत नाही. युद्धात भूक असते, हे कुणीतरी सांगायलाच हवं.

दुपारी 3. मुलांना घेऊन खडकीच्या युद्धस्मारकात. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मरण पावलेल्या 1,800 हून अधिक सैनिकांची नावं इथे आहेत. मुलं ती मोठ्याने वाचतात. मग मी इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाबद्दल सांगतो. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडाच. अशा भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 मध्ये जाहीर माफी मागितली.

संध्याकाळी 6. घरी येऊन पालकांसाठी चिठ्ठी लिहितो. तीच तुमच्यासाठीही: सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत एक संगमरवरी पाटी आढळते. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून किती जण गेले आणि किती मेले, एवढंच तिच्यावर इंग्रजीत असतं. सुट्टीत गावी गेलात की मुलांना तिथे न्या. मग वाड्या-वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या आकड्यातली नावं मुलांना स्वतःच्या वहीत लिहून घ्यायला लावा.