लॅपटॉप म्हणतो ‘नो इंटरनेट’. खरं मानायचं का?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले अडखळे काढलेत, भाषा तीच ठेवली आहे.)

आजचा विषय तुमच्या रोजच्या डोकेदुखीचा आहे. व्हॉट्सॲप चालतंय, यूट्यूब चालतंय, आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात मात्र ‘नो इंटरनेट’. किंवा याच्या उलट. वायफायचं चिन्ह फुल, पण काहीच उघडत नाही. असं का होतं आणि अशा वेळी काय करायचं, ते आज बघू.

आधी एक खरी गोष्ट. २०२५ साली अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या महाराष्ट्राला लागू झाले. त्याआधी ते मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतेच होते. म्हणजे आपल्या संगमनेर, शेवगाव, कर्जत, जामखेडच्या पोरापोरींनाही आता पोर्टलवरच नोंदणी करायची होती. नोंदणी २१ मे रोजी सुरू होणार होती आणि त्याच दिवशी वेबसाइट उघडेना! शेवटी नोंदणी २६ मेपासून सुरू झाली. अशा दिवशी घरचा राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही उपयोग नसतो, कारण नेट चालूच असतं, बंद असते ती वेबसाइट. पण हे ओळखायचं कसं?

यंत्राला कळतं तरी कसं?

खरं सांगायचं तर यंत्राला ‘इंटरनेट’ दिसत नाही. त्याला फक्त राउटर दिसतो, किंवा मोबाईलचा टॉवर. पुढचं जग चालू आहे की नाही, हे ते एक छोटा प्रश्न विचारून ठरवतं.

विंडोजचं बघा. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ही तपासणी आहे. नेट जोडलं की विंडोज गुपचूप मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावर जातं आणि तिथली एक चिमुकली फाइल मागवतं. विंडोज १० आणि ११ मध्ये त्या फाइलीत तीनच शब्द असतात : ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’. हे शब्द जसेच्या तसे आले, तर इंटरनेट आहे. शिवाय एका ठरलेल्या नावाचा आकडी पत्ता विचारून तो १३१.१०७.२५५.२५५ असाच येतो का, हेही बघितलं जातं.

अँड्रॉइड फोन गूगलच्या एका पत्त्यावर विचारतो आणि उत्तरात ‘२०४’ हा आकडा अपेक्षित असतो. २०४ म्हणजे ‘विनंती मिळाली, पाठवायला मजकूर काही नाही’. आयफोन ॲपलच्या पानावर जातो, तिथे ‘सक्सेस’ हा एक शब्द शोधतो.

थोडक्यात, नगरमध्ये दिल्ली दरवाजाजवळ राहणाऱ्या एकाच मित्राला फोन लावायचा. त्याने उचलला नाही, की ‘आज अख्खं नगर बंद आहे’ असं जाहीर करायचं! बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो. पण मित्र अंघोळीला गेला असेल तर?

खोटं ‘नाही’ कधी येतं?

पहिलं कारण, लॉगिनचं पान. रेल्वे स्टेशनांवरचं रेलवायर घ्या. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला ही फुकट वायफाय सेवा सुरू झाली आणि आता देशातल्या सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर आहे. तिथे वायफाय लगेच जोडलं जातं, पण नंबर टाकून ओटीपी दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नसतात. सार्वजनिक वायफायला मात्र दार असतं, फक्त ते दिसत नाही. फोनने ‘२०४’ मागितलं आणि त्याऐवजी लॉगिनचं पान आलं, की फोन ओळखतो : इथे दार आहे. मग तो ‘साइन इन करा’ म्हणतो. ते पान आपोआप उघडलं नाही, तर आपण नुसते ‘नो इंटरनेट’ बघत बसतो.

दुसरं, व्हीपीएन, जाहिरात अडवणारं ॲप किंवा ‘प्रायव्हेट डीएनएस’. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी डिरेक्टरी. ही डिरेक्टरी बिघडली किंवा तिने तपासणीचा पत्ताच अडवला, तर उत्तर येत नाही.

तिसरं, घड्याळ. लाइट गेली-आली, जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असला, की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. चुकीच्या तारखेमुळे ते प्रमाणपत्र यंत्राला अवैध वाटतं आणि साइट उघडत नाही. फोनची तारीख चुकली, तर ‘मर्यादित कनेक्शन’ असाही मेसेज येतो.

चौथं, चूक खुद्द विंडोजची. २०२० मध्ये विंडोज १० च्या मे महिन्यातल्या अपडेटनंतर अनेकांना हा अनुभव आला. ब्राउझर मस्त चालायचा, पण कोपऱ्यात ‘नो इंटरनेट’. मायक्रोसॉफ्टने ही चूक मान्य केली आणि पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त केली. तुम्ही म्हणाल, चिन्ह चुकलं तर चुकू दे, काय बिघडलं? बिघडतं! काही ॲप्स स्वतः तपासत नाहीत, विंडोजला विचारतात. विंडोज ‘नाही’ म्हणालं की तीही ‘ऑफलाइन’ म्हणून बसतात. तेव्हा स्पॉटिफायचं तेच झालं होतं.

खोटं ‘आहे’ सुद्धा येतं

याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. रोजचा डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. तपासणीचं उत्तर इतकं छोटं असतं, की ते एवढ्या वेगातही येतं. फोन म्हणतो ‘नेट आहे’, आणि फॉर्मचं पान गोल गोल फिरत राहतं. तसंच रेंजचं. अकोल्यात कळसूबाईच्या बाजूला गेलात आणि फोनवर दोन दांड्या दिसल्या, तर त्याचा अर्थ एवढाच की टॉवर ऐकू येतोय. टॉवरच्या पुढची लाइन चालू आहे, असा नाही.

मग करायचं काय?

यंत्राने एकच प्रश्न विचारला. आपण पाच विचारू, याच क्रमाने.

१. दुसरी वेबसाइट उघडते का? एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन उघडून बघा. दोन्ही उघडल्या आणि फॉर्मचीच उघडत नसेल, तर बिघाड बहुतेक त्या वेबसाइटचा. राउटरला हात लावू नका. थोडं थांबा, अधिकृत सूचना बघा.

२. त्याच वायफायवर दुसऱ्या फोनचं काय? त्यावर चालत असेल, तर बिघाड तुमच्या यंत्रात. कुठेच चालत नसेल तर राउटरच्या डब्याकडे बघा. फायबर असेल आणि ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा सिग्नलच तुटलाय. सरळ तक्रार नोंदवा.

३. लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडला तर? चाललं, तर आधी फॉर्म भरून टाका. दुरुस्ती नंतर.

४. दार आहे का? स्टेशन, लॉज, हॉस्टेलचं वायफाय असेल तर ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ उघडा. ही साइट मुद्दाम साधी, बिनकुलपाची ठेवलीय, त्यामुळे लॉगिनचं पान तिच्या जागी सहज येऊ शकतं.

५. तारीख, व्हीपीएन, डीएनएस ठीक आहेत का? तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा, व्हीपीएन बंद करा, प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग ८.८.८.८’ टाइप करा. त्याला उत्तर येतंय, पण वेबसाइट नावाने उघडत नाही, तर घोळ बहुतेक डीएनएसचा. मग ‘आयपीकॉन्फिग’, एक मोकळी जागा, ‘स्लॅश फ्लशडीएनएस’ टाइप करून एंटर दाबा. जुनी साठवलेली नावं पुसली जातात.

एवढं करूनही नाही जमलं, तर वायफाय ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा. ‘नेटवर्क रीसेट’ हा अगदी शेवटचा उपाय, कारण त्यात सेव्ह केलेले वायफाय पासवर्डही जातात. आधी लिहून ठेवा.

आणि एक करू नका. ‘रजिस्ट्रीत जाऊन विंडोजची तपासणीच बंद करा’ असे व्हिडिओ बरेच फिरतात. त्याने नेट दुरुस्त होत नाही, फक्त तपासणी थांबते. वर लॉगिनचं पान आपोआप उघडणंही बंद होऊ शकतं.

शेवटचं, पैशाचं. फी भरताना मध्येच ‘नो इंटरनेट’ आलं, तर घाईने पुन्हा ‘पे’ दाबू नका. आधी बँकेचा मेसेज बघा, मग पोर्टलवर जाऊन पावती तयार झाली का बघा. मेसेज खोटा असू शकतो, कापलेले पैसे खरे असतात.

कोपऱ्यातलं चिन्ह म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर, एवढंच लक्षात ठेवा. आज घरात ज्याच्या फॉर्मची तारीख जवळ आलीय, त्याला हे पाच प्रश्न पाठवून द्या.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!