वैरणीचा हिशेब

जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतून आपल्या शाळेत येणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळांच्या घरी दावणीला एक-दोन गाई असतात. शाळेची फी, वह्यापुस्तके, सणावारी नवा कपडा, यांतील बराच खर्च दुधाच्या पैशातून निघतो. परंतु शिमगा सरला की कित्येक घरी एकच विवंचना सुरू होते, ती म्हणजे वैरण कोठून आणावी. त्या दिवसांत वर्गात काही मुले उशिरा येतात, काही येतच नाहीत. विचारले असता उत्तर मिळते, "गुरुजी, वैरणीला गेलो होतो."

मी स्वतः अशाच घरी वाढलो. मी आठवीत असताना आमची दुभती गाय वैशाखात बाजारी न्यावी लागली. कडब्याचे भाव चढले होते व घरची गंज संपली होती. त्या वर्षी कडबा कमी पिकला होता असे मात्र नव्हे. गंजीचा मोठा हिस्सा गव्हाणीखाली तुडविला जाऊन शेणाबरोबर उकिरड्यावर गेला होता, हे वडिलांच्या ध्यानी आले तेव्हा गाय दुसऱ्याच्या दावणीला बांधली गेली होती. त्या गाईची आठवण म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

कॅनडा व अमेरिकेचा उत्तर भाग येथे मांसासाठी गाईंचे मोठे कळप पाळतात. हिवाळ्यात तेथील कुरणे बर्फाखाली जातात आणि साठविलेल्या वाळल्या गवतावर कळप जगवावा लागतो. गाईमागे वर्षाला जो खर्च होतो, त्यात या हिवाळी चाऱ्याचा वाटा फार मोठा असतो. म्हणून तेथील जाणता शेतकरी थंडी पडण्यापूर्वीच गवत मोजतो, त्याचा कस तपासून घेतो, रोड गाई व धष्टपुष्ट गाई वेगळ्या करतो, आणि गवत पायांखाली जाऊ नये अशी गव्हाण बांधतो. आपल्याकडे गाय दुधासाठी पाळतात आणि बर्फही पडत नाही. आपल्या गुरांचा खडतर काळ म्हणजे फाल्गुनापासून पहिला पाऊस पडेपर्यंतचा. तथापि नियम तोच आहे. टंचाईची तयारी सुबत्तेच्या दिवसांत करावयाची असते, आणि आपले सुबत्तेचे दिवस म्हणजे दिवाळीपासून माघापर्यंतचा हिवाळा.

पूर्वी ही चिंता एवढी नव्हती, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यात तथ्य आहे. पश्चिमेकडील मावळपट्ट्यात भाताचा पेंढा व डोंगरचे गवत असे. पूर्वेकडे शाळूचा कडबा व बाजरीचे सरमाड असे. गावठी गाय चरून येई, थोडे खाई आणि थोडे दूध देई. पुढे दोन गोष्टी पालटल्या. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे पाणी आले, आणि पुष्कळ ठिकाणी शाळूच्या जागी ऊस व भाजीपाला आला. म्हणजे घरचा कडबा घटला. दुसरे असे की संकरित गाय आली. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी याच जिल्ह्यात उरुळी कांचन येथे 'बायफ' ही संस्था स्थापिली व संकरित गाईंचा प्रसार केला. ही गाय दूध पुष्कळ देते, पण तिला दावणीवरच पोटभर व सकस खावयास लागते. घरची वैरण घटली आणि गरज वाढली, ही आपली आजची अडचण होय.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत मांडून पाहावे. गाईला दररोज तिच्या वजनाच्या शेकडा अडीच ते तीन इतका शुष्कांश, म्हणजे पाणी वगळून उरणारा अन्नभाग लागतो. ४०० किलो वजनाच्या गाईस हा १० ते १२ किलो होतो. त्यापैकी सुमारे ५ किलो कोरड्या वैरणीतून द्यावयाचा असे धरू. उरलेला हिरवा चारा व आंबोण यांतून मिळेल. १ डिसेंबरपासून ३० जूनपर्यंत २१२ दिवस होतात. तेव्हा एका गाईला १,०६० किलो कोरडी वैरण पुरे. परंतु अख्खा कडबा पुढे टाकला, गाईने पाने ओरबाडून ताटे पायांखाली घेतली आणि एक-तृतीयांश वाया गेला, तर तेवढ्याच पोटासाठी १,५९० किलो आणावा लागेल. जादा गेला ५३० किलो. दोन गाई असल्या तर वाया गेलेली वैरण १,०६० किलो, म्हणजे बरोबर तिसऱ्या गाईचे पोट! आपण दोन गाई पाळतो आणि तिसरी उकिरड्यावर पोसतो.

यावरून स्वस्तातील स्वस्त वैरण कोणती हे कळून येईल. वाया जाऊ न दिलेली वैरण, तीच ती. कडब्याची कुट्टी करावी. कुट्टी केल्याने गाईला निवडानिवड करता येत नाही व ताटेही पोटात जातात. गव्हाणीला पुढून उंच कठडा असावा. एकदम भारा न टाकता दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी घालावी. कडबा विकत घ्यावयाचा झाल्यास सुगी होताच माघ-फाल्गुनात घ्यावा, चैत्राची वाट पाहू नये. शेकड्याचा भाव ठरविताना दहा पेंढ्या तोलून सरासरी काढावी. कारण पेंढी लहान असली तर स्वस्त शेकडाही महाग पडतो. गंज दगड-लाकडांच्या ओट्यावर रचून वरून झाकावी. खालून वाळवी व वरून अवकाळी पाऊस, हे दोघे न विचारता खाणारे पाहुणे आहेत. बुरशी धरलेला कडबा गाईला घालू नये.

ऊस तोडणीच्या हंगामात वाढे मुबलक मिळते. ते हिरवे व स्वस्त असते, म्हणून पुष्कळ घरी महिनोन्‌महिने वाढ्यावरच भागवितात. येथे सावध असावे. वाढ्यात ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. ते अन्नातील चुन्याचा अंश बांधून ठेवते व तो गाईच्या अंगी लागत नाही. दूध देणाऱ्या गाईला चुन्याची गरज अधिक, त्यामुळे ती खंगते. म्हणून वाढ्याबरोबर कडबा व लसूणघास द्यावा, वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण व थोडे मीठ आंबोणातून घालावे. याचा खर्च थोडा आहे. तो वाचविणे महागात पडते.

दुसरा उपाय मुरघासाचा. हिवाळ्यात पाणी असते तेव्हा मका करावा, कणसातील दाणा चिकात भरून घट्ट होऊ लागला की कापावा, त्याची बारीक कुट्टी करून खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून भरावी व हवाबंद करावी. मूठभर कुट्टी आवळून पाहावी. पाणी ठिबकले तर ती फार ओली. मूठ उघडताच विस्कटली तर फार कोरडी. हवा नसली म्हणजे दह्याप्रमाणे आंबविणारे सूक्ष्म जीव वाढतात, आणि त्यांच्या आम्लाने चारा टिकतो. सुमारे ४५ दिवसांनी तो घालण्याजोगा होतो. हवा आत राहिली तर मात्र सगळेच कुजते. म्हणून दाबण्यात कुचराई करू नये.

मावळपट्ट्यात भाताचा पेंढा असतो, पण तो निकस. त्याचा कस युरियाने वाढविता येतो. १०० किलो कुट्टीस ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, तुडवून दाबावा व २१ दिवस घट्ट झाकून ठेवावा. युरियापासून निघणारा अमोनिया काडीचे कठीण बंध सैल करतो, आणि गाईच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात राहणारे सूक्ष्म जीव उरलेल्या अमोनियापासून प्रथिने बनवितात. उघडल्यावर वास उडू द्यावा व हळूहळू सवय लावावी. सहा महिन्यांच्या आतील वासरांस ही वैरण घालू नये. नुसता युरिया किंवा त्याचे पाणी गुरांच्या तोंडी लागल्यास ते विष होय. म्हणून पोते कुलपात ठेवावे. पहिल्या खेपेस पशुवैद्यांकडून हे काम शिकून घ्यावे.

आणखी एक चूक घरोघरी दिसते. दुभती, भाकड व गाभण अशा सर्व गाईंपुढे सारखेच आंबोण ठेवतात. दुभत्या गाईला अंगपोषणासाठी एक-दीड किलो, आणि त्यावर दर अडीच-तीन लिटर दुधामागे एक किलो, असे प्रमाण ठेवतात. भाकड गाईस चांगली वैरण असली तर थोड्यावर भागते. पण गाभण गाईच्या शेवटच्या दोन महिन्यांत हात आखडू नये.

कारण काटकसर म्हणजे उपासमार नव्हे. पोट मारून वाचविलेला पैसा व्याजासह परत द्यावा लागतो. रोडावलेली गाय वेळेवर माजावर येत नाही. एक माज चुकला की पुढील २१ दिवस वाट पाहणे आले, आणि त्या दिवसांत ती खातच असते. नासाडी कमी करणे ही काटकसर, घास कमी करणे हा तोटा.

पैशाखेरीज आणखीही एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत मोठे वाटते. आपला मुलूख बिबट्याचा आहे. उसाच्या फडात तो दडतो, विणीसाठीही राहतो. या भागात त्याच्या हल्ल्यांत माणसे व लेकरे दगावली आहेत. गव्हाण रिकामी पाहून घाईघाईने पहाटे किंवा सांजावता उसाकडे वैरणीला धावणे जिवावर बेतू शकते. घरी गंज व मुरघास असला तर दिवस वर आल्यावर, सोबतीने जाता येते, आणि पोरांना शाळा सोडून जावे लागत नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, या दिवाळीच्या सुटीत एक काम करा. दहा पेंढ्या तोला, गंजीतील पेंढ्या मोजा, गाईंची संख्या मांडा, आणि पावसापर्यंतचे दिवस गुणून घरची वैरण किती पुरेल ते काढा. पालकांनो, मुलाने वही पुढे केली तर ती बाजूस सारू नका. तूट आहे असे दिवाळीत कळले तर उपायास चार महिने हाती असतात. आमच्या घरी ते वैशाखात कळले.