सिस्टर व्हायला चार वर्षे कशाला?

गेल्या आठवड्यात धडगाव तालुक्यातून एका गृहस्थांचे पत्र आले. वहीची दोन पाने, दोन्ही बाजूंनी भरलेली. त्यांची मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचे आहे. ते लिहितात, ‘‘बाई, आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर दोन वर्षांचा कोर्स करून आल्या. चांगले काम करतात, गाव त्यांना मानतो. मग आमच्या पोरीने चार वर्षे कशाला घालवायची? इंजेक्शन द्यायला आणि सलाईन लावायला एवढे शिकायचे तरी काय असते?’’ पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला आहे. तो जरा नाजूक आहे. त्याचे उत्तरही मी शेवटीच देणार आहे.

मी बरीच वर्षे पाठ्यनिर्देशिका, म्हणजे सिस्टर ट्यूटर होते. प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारीत असे. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे सगळ्यांनाच ‘नर्सिंग केले’ म्हणतात, पण अभ्यासक्रम वेगवेगळे आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची विद्यापीठाची पदवी. आपल्या राज्यात ती नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. देशात ही पदवी १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. अभ्यासक्रम ठरवते भारतीय परिचर्या परिषद. परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार आता या पदवीची आठ सत्रे असतात. पत्रलेखकांच्या गावच्या सिस्टरबाईंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पाऊस असो, नदीला पूर असो, लसीचा डबा खांद्याला लावून पाड्यावर जाणे हे सोपे काम नाही. पण प्रश्न पदवीत काय शिकवतात हा आहे, तेव्हा तिकडे वळू.

पहिल्या सत्रात मुलींच्या हाती सुई येत नाही. यामुळे घरचे हिरमुसतात. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येची मूलतत्त्वे असे विषय असतात. मूलतत्त्वे म्हणजे काय? हात कसे धुवायचे, खाट कशी लावायची, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंघोळ कशी घालायची, नाडी आणि श्वास कसे मोजायचे. खाट लावायला काय शिकायचे, असे एका पालकांनी मला तोंडावर विचारले होते. चादरीला एक सुरकुती राहिली आणि पक्षाघाताचा रुग्ण तिच्यावर तासन् तास पडून राहिला, तर त्या जागी कातडी लाल होते, मग फाटते आणि जखम हाडापर्यंत जाते. ही जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. घरात असे आजारी माणूस असेल तर वाचकांनीही हे लक्षात ठेवावे.

श्वास मोजायचा तो पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की लहान मुलात हमखास चूक होते. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक झाला, किंवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक झाला आणि सोबत खोकला असला, तर न्यूमोनियाचा संशय धरायचा. त्यासाठी यंत्र लागत नाही. लागते ते घड्याळ आणि उघड्या छातीकडे लागलेली नजर.

समाजशास्त्राला मुली नाक मुरडतात. पण आपल्या जिल्ह्यात तो विषय पुस्तकापुरता राहत नाही. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडणीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. गरोदर बाईची एक तपासणी इथे झालेली, पुढची कुठेच नाही. क्षयाच्या गोळ्या दोन महिने घेतल्या आणि माणूस गावाबाहेर गेला. अशा रुग्णाला ‘निष्काळजी’ म्हणून हिणवणारी सिस्टर वेगळी, आणि ‘कुठल्या गावाला जाणार? कधी परतणार?’ असे जाण्याआधीच विचारून सोबत कागद आणि औषधे देणारी वेगळी.

इंग्रजीचाही मोठा धसका असतो. पुस्तके इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. पहिले सहा महिने आपल्या भागातल्या मुली अक्षरशः रडतात, हे मी लपवत नाही. पण जिला पावरी, भिली किंवा मावची येते तिच्याजवळ असे काही आहे जे शहरातल्या मुलीला चार वर्षांतही मिळत नाही. खाटेवरची बाई ‘पोट दुखस’ एवढेच सांगते, तेव्हा कुठे, कधीपासून, कळा येतात की सतत दुखते, हे तिच्या बोलीत विचारता आले तर अर्धे निदान तिथेच होते.

गणित आणि कारण

दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि प्रौढांची परिचर्या. आता येऊ पत्रलेखकांच्या सलाईनकडे. समजा, ५०० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे आहे आणि त्या सेटमधून १ मिलिलिटरचे २० थेंब पडतात. एकूण थेंब १० हजार, मिनिटे ४८०. भागाकार केला की मिनिटाला सुमारे २१ थेंब येतात. हे गणित मुलींना झोपेतही यायला हवे, कारण बाटली भरभर गेली तर कमजोर हृदयाच्या माणसाच्या फुप्फुसात पाणी भरते. आपल्याकडे नातेवाईक ‘शेवटची बस जाईल’ म्हणून हळूच सलाईनचे चाक फिरवतात. कृपा करून असे करू नका. आणि ‘ताकदीचे सलाईन लावा’ हा हट्टही सोडा. ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. ज्याला तोंडाने खाता येते त्याला ती घरच्या चहातून मिळते.

डोस पाठ असणे आणि त्याचे कारण माहीत असणे यांत किती अंतर आहे हे मी स्वतः एका रात्री शिकले. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आलेली एक मुलगी दाखल होती, जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची. तिला मॅग्नेशियम सल्फेट सुरू होते. झटके थांबवणारे हे उत्तम औषध आहे. दर चार तासांनी पुढचे इंजेक्शन द्यायचे, असे पुस्तकात होते आणि मला तोंडपाठ होते. वेळ झाली. मी सिरिंज भरली आणि खाटेकडे निघाले. तेवढ्यात जुन्या सिस्टरने हाक मारली, ‘‘गुडघा पाहिलास का गं?’’

मी पाहिला नव्हता. त्यांनी गुडघ्याखाली हलकेच ठोकले. पाय उडालाच नाही. लघवीच्या पिशवीत तळाशी थोडेसे गोळा झालेले. हे औषध लघवीवाटे बाहेर पडते. लघवी कमी झाली की ते रक्तात साचते. आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते, त्यानंतर श्वास मंदावतो, आणि मग तो थांबू शकतो. म्हणून प्रत्येक डोसाआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघा उडतो का, श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी नाही ना, आणि मागच्या चार तासांत निदान १०० मिलिलिटर लघवी झाली का. यांतली एक जरी चुकली तर इंजेक्शन थांबवायचे आणि डॉक्टरांना बोलवायचे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे. त्या रात्री डॉक्टर आले, डोस थांबवला, मुलगी वाचली. मी मात्र ती भरलेली सिरिंज अजून विसरले नाही. चार वर्षे कशाला, याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

वॉर्ड, पाडा आणि बाळंतपण

तिसऱ्या वर्षापासून बालरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य हे विषय येतात. या पदवीत वर्गापेक्षा वॉर्डात आणि वस्तीवर जास्त वेळ जातो, हे अनेकांना ठाऊक नसते.

बालरोगात कुपोषण शिकवतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, तर ते तीव्र कुपोषण समजतात. असे मूल दाखल झाले की आईला वाटते, आता याला भरपूर खाऊ घालावे. पण उपाशी राहून राहून त्या मुलाचे हृदय, यकृत, मूत्रपिंड सगळे मंदावलेले असते. एकदम जड आहार दिला किंवा सलाईन भरभर सोडले तर मूल दगावते. म्हणून सुरुवातीला एफ-७५ नावाचे पातळ दूध, दर दोन-तीन तासांनी, मोजून, रात्रीसुद्धा. शिवाय अंगात ऊब आणि रक्तातील साखरेवर लक्ष. मूल सावरले की मग पुढचा आहार. रात्री तीनचे दूध चुकू न देणे हे काम डॉक्टरांचे नसते, सिस्टरचे असते.

मानसिक आरोग्यासाठी विद्यार्थ्यांना मनोरुग्णालयात किंवा मानसोपचार विभागात पाठवतात. आपल्या राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जाताना मुली घाबरलेल्या असतात. परत येतात तेव्हा घराघरांत लपवलेल्या आजाराविषयी बोलू लागतात.

सामुदायिक आरोग्यात घरभेटीची रीत शिकवतात. पिशवी घरात नेली की जमिनीवर आधी वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, त्यावर पिशवी ठेवायची, हात धुवायचे आणि मगच पिशवीत हात घालायचा. तेव्हा आमच्या या सदराचा असाही उपयोग कुठे होत असेल!

सहाव्या आणि सातव्या सत्रात प्रसूतिशास्त्र. कळांची नोंद ठेवणे, बाळाचे ठोके ऐकणे, बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देणे आणि मग रक्तस्रावावर डोळा ठेवणे. साध्या बाळंतपणात ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेले तर तो धोका. पण पाट मांडून कोणी रक्त मोजत नाही. चादर किती भिजली, पिशवी घट्ट आहे की मऊ पडली, हे हाताला आणि डोळ्याला कळावे लागते. सातपुड्याच्या वरच्या गावातून रुग्णवाहिकेला खाली यायला लागणारा वेळ ज्यांना माहीत आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. शेवटचे आठवे सत्र पूर्णपणे प्रत्यक्ष कामाचे असते.

पुढे काय? पदवीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते. त्यानंतर रुग्णालयात अधिपरिचारिका होता येते किंवा एम.एस्सी. करून शिकवता येते. शिवाय २०१८ पासून उपकेंद्रांमध्ये समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्या पदासाठीही ही पदवी चालते. रक्तदाब, मधुमेह, ताप, बाळंतपणानंतरची तपासणी हे सगळे तिथे आधी त्यांच्यासमोर येते. जवळ डॉक्टर नसताना कोणाला इथे ठेवायचे आणि कोणाला ताबडतोब खाली पाठवायचे, हा निर्णय त्यांचा असतो.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मिळून किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के, आणि इंग्रजीत उत्तीर्ण. वय १७ पूर्ण. २०२२ पासून राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा, कारण नियम बदलतात. मुलगेही अर्ज करू शकतात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच करा. त्या एका कागदापायी जागा गमावलेली मुले मी पाहिली आहेत. खाजगी महाविद्यालय असेल तर फी विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, विद्यापीठाची संलग्नता आहे का, आणि मुली प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकतात. तिसऱ्या प्रश्नाला जिथे गोलमोल उत्तर मिळेल तिथून उठून या.

आता तो शेवटचा प्रश्न. मुलीची शाळेत तपासणी झाली तेव्हा ती सिकलसेलची वाहक निघाली. ‘‘तिला हे शिक्षण झेपेल का, आणि लोकांना सांगावे का?’’ असे वडील विचारतात.

झेपेल. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. आईवडिलांपैकी एकाकडून सदोष जनुक आले, दुसऱ्याकडून चांगले आले. अशा माणसाच्या तांबड्या पेशी सहसा नीट काम करतात. रात्रपाळी, धावपळ सगळे तिला जमेल. उन्हात किंवा फार श्रमात पाणी भरपूर प्यावे, एवढेच. वैद्यकीय तपासणीच्या वेळी मात्र खरे ते सांगावे. ज्याला दोन्हीकडून सदोष जनुक मिळते तो रुग्ण. त्याच्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडून काढणारी कळ येते. अशा वेळी भरपूर पाणी, ऊब आणि वेळेवर वेदनाशामक द्यायचे. बर्फाने शेकायचे नाही. आपल्या भिल्ल, पावरा, मावची कुटुंबांत हा आजार बराच आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याच्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली.

तुमच्या मुलीला हे सारे चौथ्या सत्रात, अनुवंशशास्त्राच्या धड्यात शिकायला मिळेल. लग्नाच्या वेळी मात्र मुलाची तपासणी जरूर करून घ्या. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. आणि एक काम आत्ताच करा. मुलगी वाहक आहे म्हणजे तुम्हा दोघांपैकी एकात तरी ते जनुक आहे. तेव्हा तुम्ही, तिची आई आणि बाकीची भावंडे, सगळ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. बोटातून रक्ताचा थेंब घेतात, पैसे लागत नाहीत. ती सदोष आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची किंवा एच.पी.एल.सी.ची चाचणी होते आणि वाहक की रुग्ण ते पक्के कळते. धाकट्याचे हातपाय थंडीत दुखतात असे तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात. त्याला आधी न्या.