दाढदुखी : थांबावे कधी, धावावे कधी?

‘दाढ दुखून काही कुणी मरत नाही,’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु एखादा रुग्ण असा येतो की आणखी एक रात्र घरी थांबला असता, तर ते जिवावर बेतले असते. मी दातांचा डॉक्टर नाही, साधा एमबीबीएस आहे. पण दाढ ठणकू लागली की तालुक्याच्या गावात माणूस आधी मेडिकलच्या दुकानात जातो, मग फॅमिली डॉक्टरकडे येतो आणि दातांच्या डॉक्टरकडे सर्वांत शेवटी जातो. म्हणून कोणते दुखणे सकाळपर्यंत थांबू शकते आणि कोणते नाही, एवढेच आज सांगतो.

दुखणे थांबले म्हणजे बरे झाले का?

दाताच्या टणक कवचाच्या आत मऊ गर असतो. त्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की गराला सूज येते, पण चहूबाजूंनी टणक भिंत असल्यामुळे सुजेला पसरायला जागा मिळत नाही. म्हणूनच तो जीवघेणा ठणका लागतो. काही दिवसांनी आतली नस मरते आणि ठणका एकाएकी थांबतो. रुग्णाला वाटते, सुटलो! जंतू मात्र जिवंतच असतात. ते मुळाच्या टोकाशी पू करतात आणि हाड पोखरून बाहेर वाट शोधतात.

खालच्या मागच्या दाढांची मुळे खोलवर असतात. तिथला पू कधी कधी तोंडात न फुटता जिभेखाली आणि गळ्याकडे उतरतो. मग जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होते. लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ साली या आजाराचे वर्णन केले. त्याच्याच नावाने तो ‘लुडविग्ज अँजायना’ म्हणून ओळखला जातो. आज अँटिबायोटिक्स आहेत, तरीही उशीर झाला तर माणूस दगावू शकतो.

काही वर्षांपूर्वी पस्तिशीचा एक शेतकरी रविवारी संध्याकाळी माझ्याकडे आला. चार दिवस दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर त्याने काढले होते. हनुवटीखाली लाकडासारखी कडक सूज होती, लाळ गळत होती आणि तोंडात घास धरून बोलावे तसा आवाज येत होता. रक्तातील साखर ३४० निघाली. मधुमेह असल्याचे त्याला ठाऊकच नव्हते. इंजेक्शन देऊन, बसलेल्या स्थितीतच त्याला रुग्णवाहिकेने सिव्हिलला पाठवले. त्याच रात्री सर्जननी गळ्यातून पू काढला आणि दाढही काढली. दहा दिवसांनी तो घरी परतला. ‘दोन महिन्यांपूर्वी दुखायची थांबली होती हो डॉक्टर,’ असे तो नंतर म्हणाला.

ही लक्षणे दिसल्यास रात्रीही निघा

१. जबड्याखाली, जिभेखाली किंवा गळ्यावर सूज येणे.
२. गिळता न येणे, लाळ गळणे, आवाज बदलणे.
३. एक-दोन दिवसांत तोंड उघडेनासे होणे. (गुटखा खाणाऱ्यांचे तोंड महिनोन् महिने हळूहळू आखडते. तो आजार वेगळा, पण तपासणी त्यालाही हवीच.)
४. गालावरची सूज डोळ्यापर्यंत चढणे.
५. सुजेबरोबर थंडी वाजून ताप येणे. मधुमेही रुग्णाने तर मुळीच थांबू नये.

अशा वेळी दातांचा दवाखाना कुठे उघडा आहे, हे शोधत फिरू नका. जिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ आहेत असे मोठे रुग्णालय गाठा. श्वासाला त्रास होत असेल तर १०८ क्रमांकावर फोन करा आणि रुग्णाला आडवे न झोपवता बसवून न्या.

आणखी एक गोष्ट. चालताना खालचा जबडा दुखतो, घाम येतो, छातीवर दडपण वाटते, असे असेल तर दोष दाताचा नसून हृदयाचा असू शकतो. आधी ईसीजी काढा.

दात निखळून पडल्यास

मुले खेळताना पडतात, मोटारसायकली घसरतात आणि पुढचा दात मुळासकट हातात येतो. तो फेकू नका. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असल्यास गार पाण्याखाली काही क्षण धरा, घासू नका. जमल्यास लगेच त्याच खाचेत बसवून रुमाल दाताखाली दाबून धरा. न जमल्यास वाटीभर थंड दुधात टाका आणि दातांच्या डॉक्टरकडे धाव घ्या. पाण्यात किंवा कोरड्या कागदात ठेवू नका. पहिला अर्धा तास सोन्याचा. कोरडा दात तासाभरानंतर सहसा नीट रुजत नाही. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी येत असेल, तर दाताचे नंतर, आधी रुग्णालय.

दात काढल्यावर रक्त थांबत नसल्यास

स्वच्छ गॉजची घडी त्या जागी ठेवून अर्धा तास सलग दाबून धरा. मधे मधे उचलून पाहू नका, चूळ भरू नका. तरीही रक्त वाहत राहिले तर डॉक्टरांना गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास दात काढण्यापूर्वीच सांगा, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सूज नाही, ताप नाही, नुसताच ठणका असेल तर

सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या सहा तासांच्या अंतराने घ्याव्यात, दिवसात आठच्या वर कधीही नाही. यकृताचा आजार असणाऱ्यांनी आणि रोज दारू पिणाऱ्यांनी आधी विचारावे. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नये, हिरडी भाजते. मशेरी लावू नये. ती तंबाखूच आहे, उपचार नव्हे. सुजेवर गरम शेक देऊ नये.

दोन गैरसमज घालवायला हवेत. वरची दाढ काढल्याने डोळे अधू होत नाहीत. आणि ‘सूज उतरल्याशिवाय दाताला हात लावायचा नाही’ हे घरी ठरवायचे नसते. पुवाला वाट करून देणे हाच खरा उपचार. अँटिबायोटिकच्या कॅप्सूलने सूज उतरेल, पण किडकी दाढ जागेवरच राहील आणि पुन्हा उठेल. रूट कॅनॉल करायचे की दाढ काढायची, हे एक्स-रे पाहून दातांचे डॉक्टर सांगतील.

आपल्या गावात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी रात्री दातांवर उपचार कुठे होतात, याची चौकशी आजच करून ठेवा. आणि घरात कुणाची दुखरी दाढ औषधावाचून आपोआप शांत झाली असेल, तर त्यांना याच आठवड्यात तपासणीला घेऊन जा.