निरोप घडविणारी आणि निरोप मिटविणारी विकरे

कुजणाऱ्या फळांवर वाढणारा ‘सीनोरॅब्डायटिस एलेगन्स’ हा सूत्रकृमी जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा. त्याच्या उभयलिंगी प्रौढात चेतापेशी मोजून ३०२. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा सिडनी ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. तरीही केवळ नकाशावरून कृमीचे वर्तन उलगडत नाही. कारण चेतापेशी न्यूरोपेप्टाइड नावाच्या लहान प्रथिनखंडांद्वारेही निरोप धाडतात आणि ते थेट जोडणी नसलेल्या पेशींपर्यंतही पोहोचतात.

हे खंड आयते निर्माण होत नाहीत. पेशीत प्रथम लांब प्रथिनसाखळी बनते. ‘ईजीएल-३’ हे विकर तिला ठरावीक ठिकाणी कापते, तर ‘ईजीएल-२१’ टोकाला उरलेली अमिनो आम्ले छाटते. यांतील एक जरी बिघडले, तरी कृमी मंदावतो आणि अंडी शरीरातच साठून राहतात.

निरोप पोहोचल्यावर तो मिटणेही आवश्यक असते, आणि मला हाच भाग अधिक विलक्षण वाटतो. अन्नाविना एखादा वास सतत येत राहिला की कृमी त्या वासाकडे जाणे सोडतो. अनुभवातून बदलण्याच्या या क्षमतेला ‘स्नेट-१’ हे न्यूरोपेप्टाइड आवर घालते. ‘एनईपी-२’ हे विकर त्याचा अंमल ओसरू देते. हे विकर नसलेल्या कृमींत हा बदल नीट घडत नाही, असे २०१० मध्ये जपानी संशोधकांना आढळले.

याच कुळातील नेप्रिलायसिन हे विकर मानवी मेंदूतही असते. घरातील वडीलधाऱ्यांची स्मृती हिरावणाऱ्या अल्झायमर रोगात जे अमिलॉइड-बीटा साचत जाते, त्याचे विघटन ते करते.