विश्लेषण : हिमालयात बर्फ नाही, मैदानात धुरके… नोव्हेंबरअखेरचे ‘कोरडे हवामान’ कोणाच्या फायद्याचे?

पावसाळा सरून थंडी स्थिरावण्याच्या काळात हिमाचल प्रदेश, उत्तराखंडपासून पंजाब, हरियाणा, दिल्लीपर्यंतच्या हवामान अंदाजात एक वाक्य वारंवार दिसते, ‘हवामान प्रामुख्याने कोरडे राहील’. सहलीची बॅग भरणाऱ्यांना त्यातून दिलासा मिळतो. मात्र सफरचंदाच्या बागा, दिल्लीकरांची फुप्फुसे आणि निफाडची द्राक्षे यांच्यासाठी याच वाक्याचा अर्थ वेगवेगळा असतो. तो समजून घेऊ या.

या दिवसांत हवामान ठरते कशावर?

मोसमी वारे परतल्यानंतर उत्तर भारताला पाऊस आणि बर्फ देण्याचे काम पश्चिमी झंझावात करतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणाऱ्या या कमी दाबाच्या प्रणाली उंचावरील वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे हिमालयापर्यंत पोहोचतात. वाटेत त्यांना अरबी समुद्रातूनही बाष्प मिळते. डोंगर आडवा आला की हवा वर ढकलली जाते, थंड होते आणि उंचावर बर्फ, पायथ्याला पाऊस पडतो. ऐन हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात. नोव्हेंबरमध्ये ते कमी आणि बहुतेकदा क्षीण असतात. त्यामुळे एखाद-दुसरा झंझावात उत्तरेकडून निसटला तरी महिना कोरडा जातो.

डोंगरात कोरडा नोव्हेंबर का नको असतो?

२०२४चे उदाहरण ताजे आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये हिमाचलमध्ये पावसाची तूट सुमारे ९९ टक्के होती. शिमल्यात मोसमातला पहिला बर्फ ८ डिसेंबरला पडला. राज्यातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून असल्याने जमिनीत ओल नसली की गव्हाची पेरणी रखडते. सफरचंदाच्या पारंपरिक जातींना चांगल्या बहरासाठी हिवाळ्यात सात अंशांखालील थंडीचे साधारण १००० ते १२०० तास लागतात. बर्फ पडला तर ही थंडी टिकते आणि झाडाच्या मुळांशी ओलही राहते.

बर्फ कधी पडतो, हेही महत्त्वाचे आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीचा बर्फ थंडीत दबून घट्ट होतो आणि उन्हाळ्यापर्यंत हळूहळू वितळत सतलज, बियासला पाणी देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पडलेला बर्फ उन्हामुळे लवकर वाहून जातो. त्यामुळे डोंगरातील कोरड्या महिन्याचा हिशोब मैदानातील कालव्यांपर्यंत पोहोचतो.

मैदानात चित्र उलटे कसे?

पंजाब-हरियाणात गव्हाला सिंचनाचा आधार आहे. बाजार समित्यांच्या आवारात उघड्यावर भाताच्या राशी पडलेल्या असताना तेथे कोरडी हवा हवीच असते. पण हीच कोरडी, शांत हवा शहरांच्या मुळावर येते. निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर मात्र उबदार हवेचा थर राहतो. हे झाकण बसले की धूर, धूळ, पिकांचे अवशेष जाळल्याने होणारे प्रदूषण खालीच कोंडते. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९४ वर गेला होता. या मोजपट्टीची कमाल मर्यादाच ५०० आहे.

याउलट, ९ नोव्हेंबर २०२३ रोजी ४३७ असलेला हा निर्देशांक दुसऱ्या दिवशी झंझावाताच्या पावसामुळे २७९ पर्यंत उतरला. मात्र प्रत्येक झंझावात अशी सुटका करत नाही. नुसता ओलावा आणून पाऊस न देणारा, वाराही न वाढवणारा झंझावात धुके अधिक दाट करतो. कृत्रिम पावसाचा उपायही निसर्गाच्या मदतीशिवाय चालत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत झालेला प्रयोग ढगांत पुरेसा ओलावा नसल्याने फसला.

शिमल्यापेक्षा पायथ्याचे गाव थंड कसे?

उंची वाढली की दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते. तरीही कोरड्या, निरभ्र रात्री सुमारे २२०० मीटर उंचीवरील शिमल्यापेक्षा पायथ्याच्या उना किंवा मंडीजवळच्या सुंदरनगरचे किमान तापमान कमी नोंदले जाते. उतारावरची गार, जड हवा घसरून दरीत आणि सखल भागात साचते, हे त्याचे कारण. महाबळेश्वरपेक्षा पुणे किंवा नाशिकचा पारा खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागेही हेच आहे.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

झंझावात पुढे सरकला की त्याच्यामागून थंड, कोरडे उत्तरी वारे वाहू लागतात. बर्फाच्छादित डोंगरांवरून आलेले हे वारे राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरातमार्गे उत्तर महाराष्ट्रात पोहोचतात आणि निफाडचा पारा घसरतो. अशा वेळी द्राक्षमण्यांची वाढ थांबते, पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. मग पहाटे बागांत शेकोट्या पेटतात.

झंझावाताची अरबी समुद्रावरील बाष्पाशी गाठ पडली तर संकटाचे रूप बदलते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ मात्र ढग पाठवून थंडीच पळवते. २०२४च्या नोव्हेंबरअखेरच्या ‘फेंगल’नंतर राज्याने हे अनुभवले.

अंदाज वाचताना काय पाहावे?

पहिली गोष्ट व्याप्तीची. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस किंवा बर्फ. त्यामुळे हिमाचलमध्ये बर्फाचा अंदाज आहे म्हणून मनालीत बर्फ मिळेलच असे नाही. उंच खिंडींतील रस्ता मात्र बंद होऊ शकतो.

दुसरी गोष्ट थंडीच्या लाटेची. मैदानात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि डोंगरात शून्य किंवा त्याखाली असेल, शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर ती थंडीची लाट मानली जाते. केवळ हुडहुडी भरली म्हणून लाट ठरत नाही.

तिसरी गोष्ट धुक्याची. ‘दाट धुके’ म्हणजे दृश्यमानता २०० मीटरपेक्षा कमी आणि ‘अतिदाट’ म्हणजे ५० मीटरपेक्षा कमी. दिल्ली, अमृतसर किंवा चंडीगढला पहाटे उतरणारे विमान किंवा त्या मार्गावरची रेल्वे निवडताना आकाश निरभ्र आहे की नाही यापेक्षा ही ओळ अधिक उपयोगी ठरते. डोंगर आणि मैदानाचे अंदाज एकत्र वाचले, तर आज उत्तराखंडात पडणारा बर्फ दोन-तीन दिवसांनी नाशिकमध्ये कोणती पहाट आणू शकतो, याचीही कल्पना येते.